बुधवारचा बांगडा

१

बाबांच्या शेवटच्या ताटाचा फोटो रितेशच्या मोबाइलमध्ये होता. मला दाखवण्याआधी त्याने काच शर्टाला पुसली.

"माफ करा ताई. कोणाला त्रास झाला की ताट हलवायच्या आधी फोटो काढायचा, असा आमच्याकडे नियम आहे."

रितेश 'दर्यापंगत'चा व्यवस्थापक. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, खाडीकडे तोंड करून हा फूड हॉल दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. बारा गाळे, मधोमध टेबलं, थंडगार हवा. एकाने सुरमई घ्यावी, दुसऱ्याने तिसऱ्यांचं सुकं, आणखी कोणी कोलंबी भात, आणि सगळ्यांनी एकाच टेबलावर बसून जेवावं.

माझे वडील महिपत तोडणकर तीस वर्षं व्यापारी बोटींवर होते. निवृत्तीनंतर घर सोडून कुठे जेवले नाहीत. ऑगस्टमध्ये आई गेली आणि मग ते दर बुधवारी इथे येऊ लागले. नऊ नंबरचं टेबल, समोर त्यांचे मित्र विठूकाका, आणि तुळसामावशीच्या गाळ्यावरचं बांगड्याच्या साराचं ताट, सोबत तळलेली सुरमई. बारा नोव्हेंबरच्या बुधवारी निम्मं जेवण झालं असताना त्यांचे ओठ सुजले. खिशातल्या गोळ्या त्यांनी घेतल्या. वीस मिनिटांत ते खुर्चीतून घसरले. इस्पितळात पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मला पुण्याला फोनवर सांगितलं, कोलंबीची ॲलर्जी.

बाबांना मासे चालत. कोलंबी मात्र विषासारखी. हे सगळ्या आळीला माहीत होतं. आमच्या घरात कोलंबी शिजायची ती फक्त बाबा बोटीवर असताना. तिची कढई वेगळी, डाव वेगळा, विळीसुद्धा वेगळी. आई त्या प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधून माळ्यावर ठेवायची, आणि बाबा घरी असेपर्यंत माळ्याला शिडी लागत नसे.

रितेशने एक छापील कागद पुढे केला. तुळसा पावसकर यांच्या गाळ्यात निष्काळजीपणाने अन्नात कोलंबी मिसळली गेली, असं त्यात होतं. खाली माझ्या नावापुढे रेघ.

"मालकांना शुक्रवारी पाचपर्यंत हवाय. सही झाली की मावशीचा करार रद्द. नाही झाली तर म्हणतात सगळा हॉल बंद ठेवू. बारा घरांची चूल आहे ताई यावर."

"आणि मावशीची चूल?"

त्याने कागदाची घडी बोटाने सरळ केली.

"ती काय म्हणते?"

"तीच तर पंचाईत आहे," रितेश म्हणाला. "ती काहीच म्हणत नाही."

२

त्या दिवशीही बुधवार होता. बाबांना जाऊन चौदा दिवस झाले होते. मी नऊ नंबरच्या टेबलावर बसले. समोर तुळसामावशीच्या गाळ्याचं शटर खाली होतं. वरचा फलक मात्र कोणी विझवला नव्हता. फलकावर तिच्या बांगड्याच्या साराचं चित्र होतं, पिकलेल्या पपईसारखं केशरी.

शेजारच्या गाळ्यावर सानिका कोलंबीची डोकी काढत होती. पंचविशीची असेल. मी उभी राहिले तशी ती हात न थांबवता बोलू लागली.

"विचारा ना. सगळे विचारून गेलेत. कोलंबी माझी, म्हणजे खून पण मीच केला!"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलंत, बाकीच्यांचे डोळे म्हणतात. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, हिच्याकडे नको, हिच्या बाजूला माणूस गेलाय." तिने डोकी फेकून हात धुतले. मग आवाज खाली आणला. "ताई, एक गोष्ट मी रितेशला सांगितलेली नाही."

मी ओट्याजवळ सरकले.

"त्या दिवशी मावशी लवकर आली होती. कसल्यातरी घाईत होती, खुशीत पण होती. बारा वाजता तिचं तेल संपलं. मला म्हणाली, सानिका, वाटीभर दे गो. मी दिलं." तिचे डोळे भरले. "गर्दी होती. मी बघितलंच नाही. मागाहून कळलं, कढईतलंच दिलं मी. त्यात सकाळी कोलंबी तळली होती."

"मावशीने त्यात काय तळलं?"

"तुमच्या बाबांची सुरमई."

३

मी रितेशकडून तो फोटो पुन्हा मागितला आणि खिडकीपाशी नेऊन मोठा करून पाहिला.

ताटात डावीकडे सुरमईची तुकडी होती. रवा जागच्या जागी, वर लिंबाची फोड, तिलाही हात लागलेला नव्हता. बाबांची जेवायची रीत होती. आधी सार-भात, तो संपल्याशिवाय तळलेल्याला शिवायचं नाही. बोटीवरच्या खानावळीत तळलेलं आधी संपतं, म्हणून मी ते शेवटी राखायला शिकलो, असं ते सांगायचे. सोलकढीचा पेला काठोकाठ भरलेला होता. भात निम्मा, साराची वाटी निम्मी.

मी सानिकाला फोटो दाखवला. तिने तुकडीवर बोट ठेवलं, लिंबावर ठेवलं. मग ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरली.

म्हणजे जे होतं ते सारात होतं.

विठूकाकांचं घर चालत दहा मिनिटांवर. ते ओटीवर बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून उठायला गेले आणि परत बसले.

"ये. मी यायला हवं होतं तुझ्याकडे. तोंड नाही दाखवायला."

"असं का म्हणता काका?"

"आपली गाठ मागे पडली ती तू डबे परत करत फिरत होतीस तेव्हा. आठवतं? वहिनींचं तेरावं झालं होतं. सर्दीनं तुझं नाक लालभडक, आवाज बसलेला. मी म्हटलं, दुःखाच्या घरातलं भांडं रिकामं आलं तरी चालतं गो. तू ऐकलं नाहीस. आमच्या डब्यात आमसुलं भरून आणलीस. महिपतची मुलगी शोभतेस, म्हटलं मी. आणि त्या महिपतला मी..."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले.

"मी त्याच्या वाटीतलं सार चाखलं. माझ्या चमच्याने. नेहमीची खोड माझी, तो ओरडायचा, तरी करायचो. आणि मी त्या दिवशी कोलंबी भात मागवला होता, राही. सोळा दिवस हेच डोक्यात आहे. चौदा म्हणतेस? मला सोळा वाटतात."

"भात कसा होता?"

"कसला?"

"कोलंबी भात. चव कशी होती?"

ते आठवू लागले. आठवेना तसे गोंधळले. कोनाड्यातून त्यांनी एक काळी चकती काढली. दर्यापंगतीत ऑर्डर दिली की गाळ्यावरून अशी चकती मिळते. जेवण तयार झालं की ती थरथरते, दिवा लागतो, आणि ती देऊन ताट घ्यायचं.

"हे खेळणं माझ्या खिशातच राहिलं बघ. इस्पितळात उजेड मारत होतं. परत द्यायचंय."

"काका, ताट मिळालं असतं तर ही तुमच्याकडे राहिली असती का?"

त्यांनी चकती उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"म्हणजे मी जेवलोच नव्हतो."

"नव्हता. तुमचा चमचा कोरडा होता."

ऐंशीला टेकलेला तो माणूस माझ्यासमोर रडला. मी पाणी आणून दिलं. मग विचारलं, "तुम्ही सार चाखलंत. नेहमीसारखं होतं?"

"नव्हतं," त्यांनी डोळे पुसले. "मी महिपतला म्हणणारच होतो, पण तोच आधी बोलला. पहिल्या घासाला थांबला. वाटीत बघत म्हणाला, विठू, आज हिच्या हातची चव आहे."

४

तुळसामावशी भाट्याला राहते. मी पोचले तेव्हा ती पडवीत नारळ खवत होती. गाळा बंद असताना खोबरं कोणासाठी, हे मी विचारलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं.

"ये गो बाय. जेवलीस?"

"मावशी, त्या दिवशी बाबांचं सार वेगळं केलं होतंत?"

"त्यांचा टोप वेगळाच असायचा. एवढुसा. मोठ्या टोपात शंभर जणांचे डाव जातात, म्हणून. पयल्या बुधवारपासून." तिने खवणी बाजूला सारली. "माज्या गाळ्यात कोलंबी कधी आली नाय. देवाची आण."

"मला पटतं. साराला वाटण कसलं?"

"नेहमीचाच. ओला खोबरा, भिजवलेल्या मिरच्या, धणे, तिरफळं."

"तुमचं नेहमीचं सार केशरी असतं. फलकावर आहे तसं." मी रितेशकडून मागून घेतलेला फोटो तिच्यापुढे धरला. "हे बघा. वाटीतलं सार काळपट लाल आहे. भाजलेल्या कोरड्या मसाल्याचा रंग आहे हा. आणि बाबा म्हणाले, आईच्या हातची चव आहे."

मावशीने फोटो पाहिला नाही. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती असेल असं मला वाटलं होतं, कारण मी चूक पकडायला आले होते. पण ती भीती तिच्या स्वतःसाठी नव्हती. इतकं मला तेव्हाही जाणवलं. कोणासाठी ते कळलं नाही.

"मसाला कुठला घातलात?"

"कागद कुठाय?" ती उठली. "रितेश सही मागतोय ना तुज्याकडे? कर. माजीच चूक झाली. लिवलंय ते बरोबर लिवलंय."

"काय चूक झाली ते सांगा."

"झाली. कशी झाली ते इचारू नको. तू पुण्याला जा, नोकरी कर, सुखात ऱ्हा. सही करून टाक बाय."

"मावशी, तुमचा गाळा जाईल."

"गाळा काय, मी बाजारात बसून मासे इकीन. आधी इकलेच होते." ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. "मऊभात हाय. घरी जाऊन खा. तोंड बघ तुजं."

मी तिला आणखी दोनदा विचारलं. तिने माझ्या हातात डबा दाबून दार लावून घेतलं.

जो माणूस चूक कबूल करतो पण ती चूक कोणती ते सांगत नाही, तो कोणाला तरी झाकत असतो. रिक्षात बसून मी हिशेब मांडला. मावशीला मूलबाळ नाही. गाळ्यावर मदतीला कोणी नाही. सानिकाच्या तेलाची तिला कल्पनाच नव्हती. मग तिच्या पदराआड होतं कोण?

५

दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात उभ्यानेच मऊभात खाल्ला. बाहेर शेजाऱ्यांच्या तुळशीपुढे कोणीतरी दिवा लावत होतं. डबा घासला, पुसला, आणि पालथा घालताना बुडावरची अक्षरं दिसली. तु. रा. पावसकर.

हा डबा मी आधी घासला होता.

आईच्या दिवसांत घरात चूल पेटत नव्हती तेव्हा आळीतून, ओळखीतून डबे येत. तेराव्यानंतर ओट्यावर अकरा डबे होते. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आईची शिस्त. कधी पाच पोफळं, कधी चार आंबे, काहीच नसलं तर साखर. माझी रजा संपत आली होती. मी एका सकाळी बसून मांडणीवरच्या बरण्यांच्या तोंडावरचे फडक्याचे दादरे सोडले आणि जे हाताला लागलं ते भरलं. कोणाला आमसुलं, कोणाला कुळीथ पीठ. आणि तुळसामावशीला मसाला. तिच्या दारात मी म्हटलेलं वाक्यही मला आठवलं. "आईच्या हातचा शेवटचा आहे, मावशी."

मी मांडणीकडे वळले. खालच्या फळीवर मसाल्याची चिनी मातीची बरणी होती, पांढऱ्या दोऱ्याने दादरा बांधलेली. बाबा रोज त्यातला मसाला वापरत असणार. ती तळाला गेली होती. वरच्या फळीवर, बाबांचा हात सहसा जात नसे तिथे, तशीच दुसरी. तिचा दादरा सुतळीने बांधला होता आणि गाठ माझी होती. आईची गाठ कधी अशी ओबडधोबड नसे.

मूळ दोरा मी न बघताच कात्रीने कापला होता. कात्री खणात होती. तिच्याखाली, तीन महिने तसाच पडलेला, वीतभर लाल दोरा.

मी बरणी खाली घेतली. ऑगस्टमध्ये मला कसलाच वास येत नव्हता. आता आला. भाजलेले धणे, बडीशेप, संकेश्वरी मिरची, आणि त्याच्या तळाशी भाजून कुटलेले सोडे. सुकवलेल्या कोलंबीचा तो वास मला ओळखावा लागला नाही. तो माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघराचा वास होता.

आई दर मे महिन्यात मला मसाला पाठवायची. मला कोलंबी आवडते म्हणून त्यात सोडे कुटून घालायची. पुण्याला मासळी धड मिळत नाही, निदान वास तरी ताटात येईल, असं म्हणायची. एसटीच्या पार्सलने पिशव्या यायच्या. ती तो कोणत्या बरणीत ठेवते, हे मी पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि बाबांनी त्या लाल दोऱ्याला कधी हात लावला नव्हता.

मी बरणी जागेवर ठेवली नाही. मांडीवर घेऊन खाली बसले.

६

गुरुवारी सकाळी मावशीने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून तिला कळलं.

"नको गो," ती म्हणाली. "नको बोलू."

"तुम्हाला कधी समजलं?"

ती पडवीच्या पायरीवर बसली. मीही बसले. खाडीला भरती लागत होती.

"त्याच सांजेला. त्यांना गाडीत घातल्यावर मी गाळ्यात आले. इचार केला, आज नवीन काय घातलं? तोच एक मसाला. डबा उघडला आणि नाकाशी धरला. दिवसभर मासळीत असते मी, सकाळी कळलं नव्हतं. तेव्हा कळलं." तिने पदराने तोंड पुसलं. "डबा घेऊन पुलावर गेले. खाडीत रिता केला."

"इतके दिवस ठेवला होतात. त्याच बुधवारी का काढलात?"

"ते आदल्या बुधवारी म्हणाले होते, पुढल्या बुधवारी बारा तारीख. लग्नाला बेचाळीस वर्षं. पयलीच अशी की ती नाय. मी मनाशी म्हटलं, वयनीचा मसाला राखून ठेवलाय माज्याकडे. एक दिवस त्यांना घरचं जेवल्यासारखं वाटेल." तिने खाडीकडे तोंड फिरवलं. "खूश होते गो. मला हात करून सांगितलं, तुळसा, झकास."

बाबांनी ती चव ओळखली आणि म्हणूनच ते थांबले नाहीत. त्या हातचं बेचाळीस वर्षं ते निर्धास्त खात आले होते.

"तुम्ही रितेशला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरीने बापाला..." तिने जीभ आवरली. "तुजी आई गेली. तीन महिन्यांत बाप गेला. वरून हे कशाला तुज्या डोक्यावर? माजं काय, एक गाळा. तुला उभा जन्म काढायचाय."

"आणि तुमच्यावर दोष टाकणाऱ्या कागदावर सही करून मी तो काढला असता?"

तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला. खोबऱ्याचा किस तिच्या बोटांना चिकटलेला होता.

"चार माणसांत बोलू नको बाय," ती पुन्हा म्हणाली. "लोक तोंडावर हळहळतील आणि मागे..."

"बोलू देत."

७

शुक्रवारी साडेचारला मी रितेशसमोर बसले. छापील मजकुरावर एक आडवी रेघ मारली आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:

'माझे वडील महिपत तोडणकर यांच्या जेवणात जी कोलंबी गेली ती मसाल्यातून गेली. तो मसाला ऑगस्टमध्ये मी स्वतः तुळसा पावसकर यांना दिला. त्यात सोडे आहेत हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. उरलेला मसाला बरणीसह सोबत देत आहे. राही महिपत तोडणकर.'

रितेशने ते उभ्यानेच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"ताई, हे मालकांकडे गेलं की सगळीकडे जाईल. विचार करा."

"केलाय."

"पोलीस विचारायला येतील."

"मी इथेच आहे."

त्याने बरणीकडे पाहिलं, तिला हात लावला नाही. आपला मोबाइल काढून कागदाचा फोटो घेतला. पाठवताना त्याचा अंगठा क्षणभर अडला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना उलट फोन आला. तो दोनदा "हो सर" म्हणाला, एकदा "मी बघतो" म्हणाला, आणि ड्रॉवरमधून शटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मावशीला बोलावू?"

"ती बाहेर आहे."

ती दारापाशी उभी होती, आत यायला बिचकत. सानिकाने जाऊन तिचा दंड धरला आणि ओढून आणली. "चल गो, तुझं तेल देणं लागते मी. ताजं देईन." कोणी हसलं नाही, पण मावशी आत आली. तिने शटर वर केलं. पंधरा दिवसांची धूळ होती. तिने पदर खोचला, फडकं भिजवलं आणि ओटा पुसायला घेतला.

मी तिचा डबा सोबत आणला होता. दुपारी घरी मी तो घेऊन मांडणीसमोर बराच वेळ उभी होते. साखर होती. तांदूळ होते. खालच्या बरणीत बाबांचा मसाला होता, पांढऱ्या दोऱ्याचा. मी एकेका बरणीला हात लावला आणि काढून घेतला.

"मावशी, तुमचा डबा."

तिने झाकण उघडलं. आत स्वच्छ पुसलेलं स्टील होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि काही भरायला माझा हात का धजला नाही ते तिला कळलं. लाजेने माझी मान खाली गेली. आईच्या घरातून गेलेलं ते पहिलं रिकामं भांडं होतं.

तिने डबा ओट्यावर ठेवला, आपल्या बरणीतले चार मुठी तांदूळ त्यात घातले, झाकण घट्ट बसवलं आणि परत माझ्या हातात दिला.

"बुधवारी घेऊन ये," ती म्हणाली. "असाच आण. रिकामा."